‘झालं’ म्हणायची रीत

आमच्या भागात ‘जेवलात का?’ हा प्रश्न नसतो, तो रामराम असतो. बाजारात ओळखीचं माणूस भेटलं, एसटीत कुणी शेजारी येऊन बसलं, की विचारायचं, ‘जेवण झालं का?’ आणि समोरच्यानं, पोटात कावळे ओरडत असले तरी, म्हणायचं, ‘झालं की. तुमचं?’ विचारणाऱ्याला खरं उत्तर नको असतं, देणाऱ्याला ते द्यायचं नसतं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. लहानपणी मला ही रीत गोड वाटायची. पण पुढे या रीतीनं आमच्या घरातल्या एका माणसाचा जीव जायची वेळ आणली. तेव्हापासून कुणी सहज जाता जाता ‘जेवलात का?’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. बीडच्या कॉलेजात बी.एस्सी. होऊन मी पाटोद्याला सून म्हणून आले, ती नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. आमचं किराणा दुकान. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक दार आणि दारावर पडदा. त्या वर्षांत दुकानाचं तोंड बदलत चाललं होतं. गूळ, डाळ आणि गोडेतेलाच्या डोक्यावर शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या. थंड पेयांचे क्रेट आले होते, गल्लीत केबलच्या तारा आल्या होत्या. माझ्या नवऱ्यानं दुकानाला लागूनच एसटीडीची काचेची खोली टाकली होती आणि तो दिवसभर तिथंच असायचा. मामा मात्र गादीवरून हलत नसत. त्या माळांकडे बघून म्हणायचे, ‘आता समदं पुडीत आलंय. फकस्त भूक तेवढी सुटी हाय.’

बी.एस्सी.चं शिक्षण पडद्याच्या अलीकडे राहिलं. डोक्यावर पदर, सासऱ्यांशी गरजेपुरतं बोलणं, तेही नजर खाली ठेवून. दिवसभरात माझं त्यांच्याशी एकच वाक्य व्हायचं. दुपार कलली की मी पडद्याआडून विचारायची, ‘मामा, जेवलात का?’ पलीकडून उत्तर यायचं, ‘झालं, बाई.’ त्यांचं ताट आत्याबाई दुकानातच, पोत्यांच्या आडोशाला झाकून ठेवत. गिऱ्हाईक ओसरलं की ते तिथंच बसून जेवतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ताट रिकामं परत यायचं, मग शंका कशाला घ्यायची?

लोक म्हणतात, आधी पोटोबा मग विठोबा. आमच्या घरात ही म्हण चालायची नाही. सकाळी महादेवाची पूजा झाल्याशिवाय मामा तोंडात काही घालत नसत. पूजा झाली की दुकान उघडायचं, दुकान उघडलं की गिऱ्हाईक. पोटोबाचा नंबर सगळ्यांच्या मागे. गिऱ्हाईकाला ‘थांब’ म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम होता, आणि देवाच्या नेमापेक्षा तो कडक होता. वाडी-तांड्यावरून पायी आलेलं माणूस उन्हात ताटकळत ठेवायचं आणि आपण आत जाऊन भाकरी मोडायची, हे त्यांना जमायचं नाही.

पोट दुखायचंच. पण त्याला आमच्याकडे दुखणं म्हणत नाहीत, पित्त म्हणतात. पाटोद्यात ज्याला त्याला पित्त होतं, जसा ज्याला त्याला एक भांडखोर भाऊ असतो. मामा लिंबू-सोडा घ्यायचे, थंड दूध घ्यायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पोती उचलून उचलून गुडघे गेले होते, त्यासाठी दुकानातल्याच बरणीतली अंगदुखीची गोळी रोज रिकाम्या पोटी चहाबरोबर घ्यायचे. तशा सुट्या गोळ्या तेव्हा सगळीच किराणा दुकानं ठेवायची. बाया खुरपणीला जाताना घेऊन जायच्या.

एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, मामा तूरडाळ जोखत होते. तराजूचं एक पारडं खाली गेलं, मग दुसरं, आणि मग ते स्वतःच तराजूसकट पोत्यांवर आडवे झाले. कपाळावर घाम, ओठ पांढरेफटक. काळीपिवळी जीप करून आम्ही बीड गाठलं. वाटेत आत्याबाईंनी सांगितलं, की चार-आठ दिवसांपासून परसाकडला डांबरासारखं काळं होत होतं. ‘मला वाटलं, पित्ताचा काढा पितेत, त्येनं व्हत आसंल.’ मी शास्त्र शिकलेली. मला ते ऐकूनच समजलं की पोटात रक्त वाहतंय.

दवाखाना खाजगी होता, डॉक्टर तरुण. आल्या आल्या सलाईन लावलं, रक्ताची बाटली चढवली. नवऱ्याचं रक्त जुळलं, एक बाटली त्यानं दिली. उद्या सकाळी दुर्बीण घालून पोटात बघू, असं ठरलं. तोवर तोंडात काही नाही, पाणीसुद्धा नाही. रात्रभर मी आणि आत्याबाई खाटेशेजारी बसून होतो. मामांनी ओठ ओले करण्यापलीकडे काही घेतलं नाही.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, ‘काय काका, काही खाल्लंय का? जेवलात का?’

मामा पडल्या पडल्या हात जोडून म्हणाले, ‘झालं, झालं. तुमचं?’

डॉक्टरांचा चेहरा बदलला. ‘सांगितलं होतं ना, काही द्यायचं नाही म्हणून? भरल्या पोटी दुर्बीण घालता येत नाही. अन्न श्वासनळीत गेलं तर? आता आज काही होणार नाही.’ ते नर्सकडे वळले. आत्याबाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना नवऱ्याला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नव्हतं. मामा स्वतः तर काही बोलायलाच तयार नाहीत. एकदा ‘झालं’ म्हटल्यावर ‘न्हाई झालं’ कसं म्हणायचं? आतून रक्त चाललेलं, आणि माणूस शिष्टाचार सांभाळत पडलेला.

माझा पारा चढला. मी पदर सावरला नाही, नजर खाली घातली नाही. ‘डॉक्टरसाहेब, ते खोटं बोलतायत. काल सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही. विचारलं की असंच म्हणायचं, अशी आमच्यात रीत आहे.’

मामांनी माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं असेल. डॉक्टरांनी एक क्षण विचार केला आणि ते हसले. ‘हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं,’ म्हणाले, आणि दुर्बीण झाली.

पोटातलं चित्र छोट्या टीव्हीवर दिसत होतं. जठर संपून आतडं सुरू होतं तिथंच एक पांढरट खड्डा, त्याच्या कडा लालभडक. डॉक्टर म्हणाले, हा अल्सर, म्हणजे जखम. पोटातला एक मांसाचा तुकडा काढून तपासला, त्यात जंतू निघाले. ही जखम बहुतेकदा त्या जंतूंमुळे होते, वरून रिकाम्या पोटी घेतलेल्या अंगदुखीच्या गोळीनं ती चिघळली. तिखटाचा फारसा दोष नाही. हे ऐकून आत्याबाईंना जरा वाईटच वाटलं. इतकी वर्षं त्यांनी मामांच्या पोटाची सगळी जबाबदारी ठेच्यावर टाकली होती.

पण त्यांना खरा धक्का बसला तो ‘जंतू’ या शब्दाचा. त्यांनी ऐकलं ‘जंत’. लेकरांना होतात ते. परतीच्या वाटेवर माझ्या कानाला लागून म्हणाल्या, ‘एवढ्या मोठ्या माणसाला जंत! कुनाला सांगू नगंस, बाई. लोक हसतेल.’ घरी गेल्यावर त्यांनी मामांचा गूळ बंद केला आणि वावडिंगाची पूड करून ठेवली. जंतू वेगळे, जंत वेगळे, हे मी त्यांना कागदावर चित्र काढून सांगितलं. त्यांनी चित्र निरखून पाहिलं. म्हणाल्या, ‘बारके हायत म्हून काय झालं? जंतच की ते.’ मी हात टेकले.

जंतूंचं औषध दोन आठवड्यांचं होतं. गोळ्यांचा ढीग, तोंडाला सतत गंजक्या लोखंडाची चव. मामांनी तक्रार न करता सगळं घेतलं. औषध संपलं, पोटातली आग गेली, आणि घराला वाटलं, सुटलो.

खरी कसोटी इथून पुढे होती, हे फक्त मला ठाऊक होतं, कारण निघताना डॉक्टरांनी मलाच बाजूला घेतलं होतं. त्या ‘खोटं बोलतायत’नंतर ते सगळं मलाच सांगायला लागले होते. म्हणाले, ‘जंतू गेले म्हणजे जखम भरली असं नाही. पुन्हा दुर्बीण घालून बघेपर्यंत पोटातलं आम्ल कमी करणारी सकाळची कॅप्सूल बंद करायची नाही. अंगदुखीची गोळी जन्मात नाही. तंबाखू नाही. आणि दिवसदिवस उपाशी राहायचं नाही, चहावर तर नाहीच. पुन्हा एकदा असं रक्त गेलं, तर बीडपर्यंत पोचतील याची खात्री मी देत नाही.’ ते शेवटचं वाक्य मी घरात कुणाला सांगितलं नाही. ते एकटीनंच पोटात ठेवलं.

कॅप्सूल खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. पण पूजेआधी तोंडात काही घालायचं नाही, त्याचं काय? मी घाबरत घाबरत आत्याबाईंमार्फत विचारणा केली. मामांनी एक दिवस विचार केला आणि निकाल दिला, ‘औषध म्हंजी अन्न न्हाई. महादेवानं तर इख पचिवलंय, त्येला गोळीचं काय?’ मग ते कॅप्सूल घेऊन पूजेला बसायला लागले. पूजा संपेपर्यंत अर्धा तास होऊन जायचा, की आत्याबाई भाकरी-दूध पुढे ठेवायच्या. अंगदुखीच्या गोळ्यांची बरणी मामांनीच नवऱ्याकडून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून घेतली. ‘गुडघे दुखले की वर चढता येत न्हाई,’ म्हणाले, ‘आन् चढता आलं तर गोळी कशापायी?’ पुढे पुढे कुणी गोळी मागितली, तर ते आधी मूठभर फुटाणे हातावर ठेवायचे आणि ते खाऊन होईस्तोवर बरणी काढायला सांगत नसत.

सकाळ अशी मार्गी लागली. दुपारचं मला काही कळत नव्हतं. मी विचारायची, ‘मामा, जेवलात का?’ उत्तर तेच, ‘झालं, बाई.’ ताटही रिकामं. पण रंग सुधारेना, डोळ्याखालची काळी वर्तुळं जाईनात.

मग एका दुपारी माझं लक्ष गाईकडे गेलं. दुकानापुढे रोज त्या वेळेला एक मोकाट गाय येऊन उभी राहायची. त्या वर्षी पाऊस बेताचा होता, गावातली गुरं हाडं-कातडं झालेली. ही गाय मात्र चांगली बाळसेदार. मी पडद्याची कड जराशी सरकवून बघत राहिले. गिऱ्हाईक कमी झालं. मामांनी ताटावरचं झाकण काढलं, भाकरीची घडी घातली, वर भाजी घातली आणि उठून गाईच्या तोंडात दिली. मग ताट पुसून पुन्हा झाकून ठेवलं. हे सगळं इतकं सवयीनं चाललेलं, की गाईनं शेपटीसुद्धा हलवली नाही.

मी पडदा बाजूला करून सरळ दुकानात गेले. सून दुकानात आली म्हटल्यावर एका गिऱ्हाइकानं तंबाखू मळायची थांबवली.

‘मामा, जेवलात का?’

त्यांनी गाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘झालं’ हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच अडकला.

‘कावून असं करता?’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि डोळेही भरले होते. ‘आमी रांधायचं, तुमी गाईला घालायचं, आन् आमी रोज फसायचं. पुन्हा रक्त गेलं तर डॉक्टर हात वर करणार आहेत. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुम्हाला सांगते.’

ते गिऱ्हाईक हळूच निघून गेलं. मामा जमिनीकडे बघत बोलायला लागले. माझ्याशी एवढं सलग ते कधीच बोलले नव्हते.

‘आत जाऊन जेवावं, तर बाहेर मानसं. मानसं जाईस्तोवर भूक मरून जाती. मग अन्न तसंच आत धाडावं, तर रांधणारीला वाटंल, आवडलं न्हाई. म्हून गाईला.’ थोडं थांबून म्हणाले, ‘आमी ल्हान आसताना दुस्काळ पडलाता. घरात कायबी नसायचं. पर माय सांगायची, कुनी जेवलास का म्हनलं तर झालं म्हनायचं. न्हाई म्हनलं, तर त्येला वाढावं लागतं, आन् त्येच्या घरी तरी कुठं हाय? इचारनाऱ्याला ओशाळं करायचं न्हाई.’

माझा राग उतरला. मी इतके दिवस ज्या रीतीला खोटारडेपणा समजत होते, ती कधीतरी एकमेकांची झाकली मूठ सांभाळायला निघाली होती. दुष्काळ सरला, रीत राहिली. घरात भाकरीची टोपली भरलेली, आणि हा माणूस आईला दिलेला शब्द पाळत उपाशी बसलेला. मी विचारलं, ‘मामा, भूक लागली का?’

ते चमकले. ‘जेवलात का’ला तयार उत्तर असतं, ‘भूक लागली का’ला नसतं. हा प्रश्न लेकराला विचारतात. मोठ्या माणसाला कुणी विचारत नाही. मामांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि खरोखरच शोधत राहिले.

‘कळत न्हाई, बाई,’ शेवटी म्हणाले. ‘दुखनं आन् भूक, दोन्ही एकाच जागी व्हतं. इतक्या वर्सांत मी भुकेलाच पित्त म्हनत आलो का काय, देव जाने.’ मग हळूच, जरा लाजत म्हणाले, ‘लागलीय वाटतं.’

त्या दिवसापासून दुपारच्या वेळेला गादीवर आत्याबाई बसायला लागल्या. त्यांची जीभ अशी तिखट, की गिऱ्हाईक पटपट सामान घेऊन सटकायचं आणि कुणाला ‘थांब’ म्हणायची पाळीच यायची नाही. मामा आत येऊन, पाटावर बसून जेवायचे. मी जुना प्रश्न टाकून दिला. रोज पडद्याआडून विचारायची, ‘मामा, भूक लागली का?’ कधी ते ‘न्हाई अजून’ म्हणायचे, कधी ‘लई लागलीय’. दोन्ही उत्तरं मला सारखीच आवडायची, कारण दोन्ही खरी असायची. गाय चार दिवस येऊन उभी राहिली आणि मग दुसऱ्या दुकानाकडे गेली.

पुढच्या दुर्बिणीच्या दिवशी डॉक्टरांनी मामांना काही विचारलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुम्ही सांगा.’ मी म्हणाले, ‘उपाशी आहेत.’ मामा खाटेवरनं म्हणाले, ‘आन् भूकबी लागलीय.’ टीव्हीवर तो खड्डा भरून आला होता, जागेवर नुसता पांढरा वण उरला होता. जंतूही नव्हते. आत्याबाईंनी टीव्हीलाच हात जोडले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडून घेतलं. इतके दिवस पोटात ठेवलेलं ते डॉक्टरांचं वाक्य तेव्हा कुठे सुटलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, भांडी झाल्यावर जेवायचं, अशी मला सवय होती. सुनेनं आधी जेवायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही. बऱ्याचदा दुपार टळून जायची, मग चहा घेऊन वेळ मारून न्यायची. काही दिवसांपासून छातीखाली जळजळत होतं. मी शास्त्र शिकलेली बाई, पण मीही त्याला पित्तच म्हणत होते. गपचूप सोडा घेत होते.

त्या दिवशी आत्याबाई गादीवरून उठून आत आल्या होत्या. मी पडद्याजवळ तांदूळ निवडत बसले होते. मामा जेवून, हात पुसत दुकानाकडे निघाले. जाता जाता म्हणाले, ‘जेवलीस का, बाई?’

‘झालं, मामा.’

इतक्या सहज गेलं तोंडातून, की माझं मलाही ऐकू आलं नाही. मामा दोन पावलं पुढे गेले आणि थबकले. मागे वळले. माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी विचारलं,

‘भूक लागली का?’

या घरात आल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. सुपातले तांदूळ डोळ्यांपुढे धूसर झाले.

‘लागलीय, मामा,’ मी म्हणाले.

त्यांनी आत आवाज दिला, ‘सुनंला ताट वाढ.’ आत्याबाई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिल्या, मग ताट घेऊन आल्या. मामा दुकानात गेले, पण गादीवर बसले नाहीत. पडद्यापाशीच, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बाहेरून गिऱ्हाईक हाका मारत होतं, साखर पाहिजे, चहाची पुडी पाहिजे.

‘थांब,’ मामा म्हणाले. ‘घरात जेवान चाललंय.’